हमीचा कागद आणि आपले मौन



आपल्या गावांतून आज मोटार ही श्रीमंतीची खूण राहिलेली नाही. आजोबा बैलगाडीने ऊस नेत, वडील सायकलने कामावर जात, आणि आपण बँकेचे कर्ज काढून दारात मोटार उभी करतो. तिला हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, नारळ फोडतो, आणि मग पुढची पाच ते सात वर्षे दरमहा हप्ता भरतो. घराच्या खालोखाल आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी हीच. परंतु ती बिघडली आणि विकणाऱ्याने हात वर केले, म्हणजे आपण काय करतो? बहुधा काहीच करीत नाही. घरी चडफडतो, शेजाऱ्याला सांगतो, आणि शेवटी म्हणतो, ‘जाऊ दे’.

ह्या ‘जाऊ दे’विषयी आज लिहावयाचे आहे. अनुभव प्रस्तुत लेखिकेच्या घरचाच आहे. दुसऱ्याच्या फजितीवर उपदेश करण्यापेक्षा स्वतःची फजिती सांगून केलेला बरा.

मार्च २०२१ मध्ये आम्ही एक नवी मोटार घेतली. विकणाऱ्या कंपनीचे नाव येथे देण्याचे कारण नाही. हमी तीन वर्षांची किंवा एक लाख किलोमीटरची, ह्यांपैकी जे आधी संपेल ते. मोटार घेण्यामागे हौस नव्हती. सासूबाईंचे मूत्रपिंड निकामी झालेले, आठवड्यातून तीन वेळा त्यांना डायलिसिसला न्यावे लागते. पहाटे निघायचे, बो-साँझवरून पाल्माचा चढ चढून वर जायचे, त्यांना पोचवून मी शाळेत जायचे, असा क्रम. डायलिसिसहून परतणाऱ्या माणसाला बसच्या थांब्यावर उभे करवत नाही, हे ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांना सांगायला नको.

सप्टेंबर २०२३ मध्ये एके दिवशी चढावर उष्णतेचा काटा नेहमीपेक्षा वर गेलेला दिसला. त्याच आठवड्यात मी मोटार कंपनीच्या गाराजमध्ये नेली आणि काउंटरवरच्या मुलाला सर्व सांगितले. त्याने मान डोलावली, कागदावर काहीतरी खरडले, मी सही केली. संध्याकाळी मोटार परत मिळाली. ‘मिस, काही नाही, पाणी थोडे कमी होते.’ मी आभार मानून घरी आले. कागद वाचलाच नाही. पुष्कळ महिन्यांनी तो काढून पाहिला तेव्हा त्यावर एवढेच लिहिलेले आढळले: सर्वसाधारण तपासणी. काट्याचा उल्लेख नाही, पाण्याचा नाही, चढाचाही नाही. कागदाच्या दृष्टीने मी त्या दिवशी तक्रार केलीच नव्हती.

वर्गात मी रोज मुलांना सांगते, ‘आधी तारीख लिहा, मग लिहायला लागा.’ आणि साडेआठ लाख रुपयांच्या वस्तूची तक्रार मात्र मी तोंडी करून आले होते.

पुढे जानेवारी २०२४ उजाडला. १५ जानेवारीला बेलाल चक्रीवादळ आले, पोर्ट लुईसच्या रस्त्यांतून पाण्याचे लोंढे वाहिले आणि कितीतरी मोटारी त्यांत वाहून गेल्या, हे आपणा सर्वांना आठवत असेलच. आमची मोटार त्या दिवशी घरीच कोरड्या जागी होती. महिनाअखेरीस काटा पुन्हा चढला. गाराज बुडालेल्या मोटारींनी भरून गेले होते, कामगार थकले होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मला सांगण्यात आले की सध्या तपासायला वेळ नाही, शीतकाची एक बाटली घेऊन जा, कमी झाले की घाला. बाटलीचे चारशे पंचाहत्तर रुपये मी दिले. पावती पर्समध्ये टाकली. त्या पावतीवर तारीख होती, मोटारीचा क्रमांक होता, किलोमीटरचा आकडा होता, आणि ‘पाणी कमी झाल्याची तक्रार’ असे चार शब्द कोणीतरी लिहिले होते. ह्या चार शब्दांनी पुढे आमची लाज राखली.

मार्चच्या चौथ्या आठवड्यात, सासूबाईंना परत आणताना, इंजिन उकळले. पांढरी वाफ, जळका वास, मागच्या सीटवर थकून डोळे मिटलेल्या सासूबाई. मोटार टो करून गाराजमध्ये गेली. दोन दिवसांनी फोन आला: इंजिनाच्या डोक्याखालचा गॅस्केट गेला आहे, डोके घासून सपाट करावे लागेल, खर्च बासष्ट हजार रुपये. हमी? ती तर दहा दिवसांपूर्वी संपली.

मी गेले. आधी सांगण्यात आले की तारीख उलटली, आता काही करता येत नाही. मग सांगण्यात आले की बेलालचे पाणी शिरले असावे. मग सांगण्यात आले की काटा लाल झाल्यावरही मी मोटार चालवली, म्हणून चूक माझीच. एकाच बिघाडाची तीन कारणे, आणि तिन्हींत कंपनी निर्दोष. मी प्रश्न विचारीत राहिले तेव्हा व्यवस्थापक शांतपणे म्हणाले, ‘दिर ऊ मिस्ये विनी.’ म्हणजे नवऱ्याला पाठवा. वीस वर्षे मी मुलांना शिकवते आहे. पण त्या टेबलापुढे मी कोणाची तरी बायको तेवढी होते.

घरी आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘जाऊ दे गो. मोठ्या लोकांशी कशाला भांडतेस? माझ्यासाठी बस आहे.’ त्यांच्या तोंडचे हे शेवटचे वाक्य ऐकूनच मी ठरवले की जाऊ द्यायचे नाही.

येथे थोडे थांबून हमी म्हणजे काय ते पाहू. आपल्यापैकी बहुतेकांची समजूत अशी की हमी म्हणजे विकणाऱ्याने दाखवलेला मोठेपणा, आणि तारीख उलटली की तो मोठेपणा संपला. ही समजूत चुकीची आहे. छापील हमी हा करार आहे. तिची किंमत मोटारीच्या किमतीतच धरलेली असते. तिच्यात काय येते व काय येत नाही हे पुस्तिकेत लिहिलेले असते. ब्रेकचे पॅड, टायर, दिवे, वायपर अशा झिजणाऱ्या वस्तू सहसा येत नाहीत. पाण्याचा पंप, गिअरबॉक्स, इंजिनाचे अंतरंग सहसा येते. वेळेवर सर्व्हिस केली नाही तर हमी अडचणीत येते, हेही तेथेच लिहिलेले असते. ही पुस्तिका किती जणांनी वाचली आहे? मी वाचली नव्हती.

ह्या छापील हमीशिवाय आपल्या देशाचा कायदाही आहे. इंग्रजांनी १८१० मध्ये हे बेट घेतले तरी येथील फ्रेंच कायदे त्यांनी चालू ठेवले, आणि म्हणून १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेतून आलेला नागरी कायदा आजही आपल्याला लागू आहे. त्याच्या १६४१ व्या कलमात लपलेल्या दोषांची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकलेली आहे: वस्तूत असा लपलेला दोष असेल की तो ठाऊक असता तर घेणाऱ्याने ती घेतलीच नसती, किंवा कमी दाम दिले असते, तर विकणारा त्याला जबाबदार. वेगळा करार नसेल तर त्याला तो दोष ठाऊक नसला तरीही जबाबदार. मात्र दोष विक्रीच्या वेळीच होता हे दाखवण्याचा भार घेणाऱ्यावर असतो, आणि दोष उमगल्यावर फार काळ गप्प बसलेल्यास कायदा मदत करीत नाही. म्हणजे ‘जाऊ दे’ म्हणत घालवलेला प्रत्येक महिना आपल्याच विरुद्ध मोजला जातो.

गंमत पाहा. हमीची पुस्तिका इंग्रजीत, कायदा फ्रेंचमध्ये, काउंटरवरचे बोलणे क्रिओलमध्ये, आणि घरी येऊन आपण कुरकुरतो मराठीत. चारही भाषा आपल्याला येतात. तरीही ज्या भाषेत कागद लिहायला हवा त्या भाषेत आपण तो लिहीत नाही, आणि ज्या भाषेत कोणी ऐकणार नाही तिच्यात सारे बोलून टाकतो.

आता पुढील हकीकत. आमच्या गावात एक वयस्कर मेकॅनिक आहेत. त्यांनी गाराजच्या लोकांसमोर मोटार पाहण्याची परवानगी मागितली, आणि मोटार आमची असल्याने ती नाकारता आली नाही. त्यांनी पंपाच्या बाजूला बोट फिरवून मला गुलाबी रंगाची वाळलेली पापुद्री दाखवली. शीतक बारीक गळते तेव्हा उष्णतेने पाणी उडून जाते आणि रंग मागे राहतो. असा थर एका रात्रीत साचत नाही, काही महिने लागतात. मग त्यांनी हातपंप लावून पाण्याच्या मार्गात दाब भरला; काटा हळूहळू उतरला आणि पंपाच्या सीलपाशी थेंब दिसू लागला. अर्थ सरळ होता. पंप जुना गळका, पाणी कमी होत गेले, इंजिन तापले, गॅस्केट गेला. गॅस्केट हमीनंतर गेला हे खरे, पण पंप हमीच्या काळातच गळत होता, आणि तसे मी हमीच्या काळातच सांगितले होते. बेलालचे पाणी कोठेच नव्हते. हे सारे त्यांनी अर्ध्या पानावर लिहून तारखेसह सही करून दिले. त्यांचे अक्षर वाकडे असेल, पण त्यांच्या निदानात वाकडे काही नव्हते.

त्या रात्री मी पत्र लिहिले. राग एका वेगळ्या कागदावर लिहून फाडून टाकला. पाठवण्याच्या पत्रात फक्त तारखा, किलोमीटर, कोण काय म्हणाले, आणि मागणी एकच: पंप व त्यामुळे झालेले नुकसान हमीत दुरुस्त करावे, उत्तर चौदा दिवसांत लेखी द्यावे. सोबत पावतीची व मेकॅनिकच्या टिपणाची प्रत. पत्र काउंटरवरच्या मुलाला न देता संचालकांच्या नावे रजिस्टर पोस्टाने धाडले. प्रती दोन ठिकाणी: मोटार बनवणाऱ्या मूळ कंपनीच्या परदेशी कार्यालयाला, आणि व्यापार खात्याच्या ग्राहक विभागाला.

पहिले उत्तर एका ओळीचे आले: हमी संपली आहे. मी दुसरे पत्र लिहिले. तक्रारीची तारीख आणि दुरुस्तीची तारीख ह्यांत आपण गल्लत करीत आहात, एवढाच त्याचा मजकूर. त्यानंतर बोलावणे आले. ह्या खेपेस ‘मिस्येला पाठवा’ कोणी म्हणाले नाही. टेबलावर माझी फाइल होती आणि त्यांच्याकडे ‘सर्वसाधारण तपासणी’ एवढाच कागद होता.

निकाल असा लागला: सर्व सुटे भाग कंपनीने दिले, मजुरी निम्मी आमच्याकडून घेतली. अकरा हजार रुपये आम्ही भरले. सात आठवडे टॅक्सीचे भाडे दिले ते वेगळेच, ते परत मिळाले नाही.

ही निम्मी मजुरी मी का मान्य केली, तेही सांगते. काटा लाल झाल्यावर मी मोटार लगेच थांबवली नव्हती. सासूबाई थकल्या होत्या, घर जवळ आले होते, म्हणून तशीच रेटली. त्यांचा तो आक्षेप तेवढ्यापुरता खरा होता. इंजिन तापले की तेथेच थांबावे, बंद करावे, आणि गार होईपर्यंत झाकण उघडू नये, हा नियम मला ठाऊक होता, मी पाळला नाही. समोरच्याने आपली चूक कबूल करावी असे वाटत असेल तर आपलीही कबूल करावी लागते. मात्र त्यांचे तीनपैकी एक म्हणणे खरे होते म्हणून तिन्ही मान्य करण्याचे कारण नव्हते.

ह्या साऱ्यातून वाचकांच्या उपयोगाचे ते एवढेच. गाराजमध्ये मोटार देताना आपली तक्रार आपल्याच शब्दांत जॉबकार्डावर लिहवून घ्यावी, लिहिलेले वाचल्याशिवाय सही करू नये, आणि प्रत मागून घ्यावी. ‘काही दोष आढळला नाही’ असे सांगितले तर तेही लिहून मागावे. लहानशी पावतीसुद्धा टाकू नये. सर्व्हिस ठरल्या वेळी करावी. हमी संपण्याच्या महिनाभर आधी एकदा जाणत्या माणसाकडून मोटार तपासून घ्यावी, आणि असतील त्या तक्रारी त्या मुदतीत लेखी नोंदवाव्यात. ऐकले नाही तर ग्राहक विभागाकडे जावे. तरीही झाले नाही तर वकिलामार्फत लेखी ताकीद, जिला आपण ‘मिझ आँ दमर’ म्हणून ओळखतो, ती द्यावी. लहान रकमेच्या दाव्यांसाठी जिल्हा कोर्टात सोपी पद्धत आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपले वाडवडील म्हणत. त्यांच्या काळी ते खरेही असेल. परंतु पायरी चढायला आपण तयार आहोत हे समोरच्याला कळले, तर पुष्कळदा ती चढावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. आपले बेट लहान. काउंटरवरचा मुलगा कोणाचा तरी भाचा असतो, व्यवस्थापक कोणाच्या तरी लग्नात भेटलेला असतो. तक्रार केली तर संबंध बिघडतील, लोक भांडखोर म्हणतील, अशी भीती आपल्याला असते, आणि बायकांना ती दुप्पट असते. पण विचार करा, लेखी तक्रारीत भांडण कोठे आहे? काउंटरवर ओरडणे म्हणजे भांडण. त्या मुलावर मी एकदाही आवाज चढवला नाही. त्याने जे केले ते त्याला शिकवले होते तसेच केले. पत्र मी त्याच्या धन्याला लिहिले. आता भेटला की तो मला नमस्कार करतो.

आपले पूर्वज रत्नागिरी, सावंतवाडीकडून आले तेव्हा न वाचता येणाऱ्या करारावर अंगठा उठवून आले. एक दिवस कामाला चुकले तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. त्यांनी सोसले, हे आपण नेहमी सांगतो. पण त्यांच्या काळच्या मजुरांनी लिहिलेही, हे आपण विसरतो. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ ह्यांच्या साहाय्याने करार संपवलेल्या भारतीय मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला, आणि त्यावर ९,४०१ जण उभे राहिले. त्यातून पुढल्याच वर्षी शाही आयोग चौकशीला आला. ते लोक पासाशिवाय गावाबाहेर पाऊल टाकू शकत नव्हते. अर्ज करून काय काय गमवावे लागेल हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या दुःखाशी एका मोटारीच्या पंपाची तुलना करणे शोभणार नाही, आणि ती मी करीत नाही. एवढेच म्हणते की त्यांनी अर्ज दिला म्हणून आपल्याला शाळा मिळाली, कागद वाचता आला, आणि आपण मात्र सही करण्यापूर्वी तो वाचायचा कंटाळा करतो.

सासूबाईंना आता पुन्हा मोटारीने नेते. पाल्माच्या चढावर त्या मागून विचारतात, ‘काटा बघितलास गो?’ मी म्हणते, ‘बघितला.’ मोटारीच्या कप्प्यात एक वही ठेवली आहे. तारीख, किलोमीटर, काय झाले, कोणाला सांगितले. परवा त्यांनी ती वही मागून घेतली, आणि गोळ्यांचे नवे पाकीट औषधवाल्याने जुन्या तारखेचे दिले होते ते मला त्यात लिहायला सांगितले. म्हणाल्या, ‘उद्या जाऊन दाखव त्याला.’

वाचकहो, अशी एक वही प्रत्येक घरी असावी. तिला साधी पेन्सिलही पुरते.